दगडांच्या रिंगणात कोण निजलंय?



मागच्या महिन्यात आपण गावातल्या जुन्या विहिरींबद्दल बोललो होतो. ते ऐकून एका बचत गटातल्या बायांनी आम्हाला विचारलं, "आमच्या शिवारात बरडीवर मोठे मोठे गोटे गोल मांडलेले आहेत. सासूबाई म्हणतात, दिवेलागणीला तिकडे फिरकू नका. पोरं म्हणतात, खाली हंडा पुरलाय. तुम्ही सांगा, खरं काय आहे?"

प्रश्न ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कारण आमच्यापैकी दोघींच्या गावात असेच गोटे आहेत. आहेत म्हणण्यापेक्षा होते म्हणावं. एकीच्या घरचा कपडे धुवायचा दगड तिथूनच आलेला. दुसरीच्या सासऱ्यांनी बैलगाडीत घालून चार गोटे वावराच्या धुऱ्याला लावले. त्यांना दोष कसा द्यायचा? दगड लागतो, समोर पडलेला दिसतो, माणूस उचलतो. तो कशाचा दगड आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हालाही नव्हतं. म्हणून आम्ही पुस्तकं चाळली, जाणत्या लोकांना विचारलं आणि एक दिवस डबे बांधून जुनापाणीला जाऊन आलो. तिथं जे पाहिलं आणि जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतो.

जुनापाणीचा माळ

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. म्हणून घडीभर डोळे मिटा आणि आमच्याबरोबर चला.

नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी लागतं. मुरमाड जमीन, पिवळं गवत, बोरीबाभळीची झुडपं. चालता चालता पायाशी एक काळा गोटा दिसतो. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. नजर फिरवत गेलं की लक्षात येतं, हे गोटे असेतसे पडलेले नाहीत. कुणीतरी ते एकाशेजारी एक लावून मोठं रिंगण केलंय. रिंगण साधारण तीस-चाळीस फुटांपासून साठ फुटांपर्यंत रुंद. मधली जमीन जराशी फुगलेली, जशी परात उपडी घालून ठेवावी. एक रिंगण संपलं की थोड्या अंतरावर दुसरं. अशी सुमारे 300 रिंगणं या परिसरात नोंदली गेली आहेत.

ही थडगी आहेत. आपल्याच भागात राहून गेलेल्या माणसांची थडगी. आणि ती साधारण अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत.

तीन हजार वर्षं म्हणजे किती, हे आपल्या मनात सहज बसत नाही. शिवाजी महाराजांना होऊन साडेतीनशे वर्षं झाली. अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी कोरली त्याला दोन हजारांवर वर्षं झाली. ही रिंगणं त्याच्याही आधीची. गौतम बुद्ध होऊन गेले त्या काळाच्या आगेमागे इथं, आपल्या मातीत, लोक आपल्या माणसांना असे निरोप देत होते. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यामुळे त्यांची नावं, त्यांची भाषा, त्यांची गाणी काहीच उरलं नाही. उरले ते हे गोटे आणि त्यांच्या पोटात ठेवलेल्या वस्तू.

मोठमोठे दगड वापरून बांधलेल्या अशा थडग्यांना अभ्यासक महापाषाण म्हणतात आणि गोल मांडणीला शिलावर्तुळ. दक्षिण भारतात अशी थडगी अनेक प्रकारची आहेत. विदर्भात मात्र शिलावर्तुळंच जास्त. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, खापा, बोरगाव, रायपूर, खैरवाडा, धामणालिंगा, भागीमोहारी अशी कितीतरी नावं आहेत. तुमच्यापैकी कुणाचं माहेर यातल्या एखाद्या गावी असेलही.

रिंगणाखाली काय असतं

ही रिंगणं पहिल्यांदा पद्धतशीर उकलली ती इंग्रजांच्या राज्यात. रिव्हेट-कार्नाक नावाचा एक अधिकारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापसाचा कमिशनर होता. इथला कापूस विलायतेला कसा जाईल हे बघणं त्याचं काम. पण फिरतीवर असताना त्याचं लक्ष या गोट्यांकडे गेलं. त्याने जुनापाणीची काही रिंगणं खोदली आणि 1879 मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. काही गोट्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले त्याला दिसले. असेच खळगे इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या जुन्या दगडांवरही असतात, याचं त्याला फार नवल वाटलं. ते खळगे आम्हीही बोटाने चाचपून पाहिले. करंगळीचं पेर बुडेल इतके. काही अभ्यासक त्यांचा संबंध दिशांशी आणि आकाशातल्या ताऱ्यांशी जोडतात, पण त्यावर सगळ्यांचं एकमत नाही.

स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी 1961-62 मध्ये जुनापाणीला उत्खनन केलं. त्यानंतर डॉ. शां. भा. देव यांनी, आधी नागपूर विद्यापीठात असताना आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना, विदर्भाच्या या रिंगणांचा ध्यासच घेतला. 1968-69 मध्ये टाकळघाट-खापा, 1970 ते 72 मध्ये माहुरझरी, 1978 ते 80 मध्ये नायकुंड. नायकुंडला त्यांच्याबरोबर राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे डॉ. अरविंद जामखेडकर होते. आपण आज जे सांगू शकतो, त्यातलं पुष्कळसं या कामामुळे.

रिंगण उकललं की वरच्या अंगाला दगडगोट्यांचा आणि मुरमाचा थर लागतो. त्याखाली चिकट काळी माती. त्या मातीत मृताची हाडं आणि त्याच्यासाठी ठेवलेल्या वस्तू. अख्खा सांगाडा क्वचितच मिळतो. बहुतेक ठिकाणी थोडीच हाडं असतात. म्हणजे देह आधी दुसरीकडे ठेवत असावेत आणि मग उरलेली हाडं गोळा करून इथं आणत असावेत. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडतात, अस्थी गोळा करून नदीला नेतात. रीत वेगळी, पण हाडं हातात घेऊन निरोप देण्याची गोष्ट आपल्याला परकी वाटत नाही.

वस्तूंचं म्हणाल तर त्यात घरसंसार दिसतो. मडकी, वाडगी, थाळ्या. यातली पुष्कळ भांडी वरून तांबडी आणि आतून, काठाशी काळी. हा रंग लावलेला नाही. भट्टीत भांडं उपडं ठेवून भाजलं की आतल्या बाजूला हवा लागत नाही आणि ती काळी राहते, बाहेरची बाजू तांबडी होते. कुंभारवाड्यातल्या बायांना हे समजावून सांगायला नको.

लोखंडाच्या वस्तू तर ढिगाने. छिन्न्या, वाकस, कुदळीसारखी अवजारं, खंजीर, कड्या. कुऱ्हाडी मोठ्या मजेदार आहेत. आपल्या कुऱ्हाडीला दांडा घालायला भोक असतं. त्यांच्या कुऱ्हाडीला ते नाही. सपाट पातं दांड्याला लावून वरून लोखंडाच्या आडव्या पट्ट्यांनी आवळलेलं. नखं काढायची हत्यारंसुद्धा मिळाली आहेत. तांब्याच्या भांड्यांवर झाकणं आहेत आणि त्या झाकणांच्या मुठीला छोटे पक्षी बसवलेले आहेत. माणूस गेलाय, त्याला निरोपाला भांडं द्यायचंय, आणि ते देताना झाकणावरचा पक्षीही त्यांनी गाळला नाही.

काही रिंगणांत मृताबरोबर घोड्याची हाडं मिळाली. घोड्याच्या तोंडातला लोखंडी लगाम आणि त्याच्या तोंडावर घालायचा तांब्याच्या पत्र्याचा दागिना मिळाला. पोळ्याला आपण बैलाच्या कपाळाला बाशिंग बांधतो, शिंगं रंगवतो, झूल घालतो. तसाच त्या लोकांचा जीव घोड्यावर असला पाहिजे. पण धन्याबरोबर त्या घोड्याचाही बळी दिला जात असावा, असं हाडं बघून अभ्यासक सांगतात. जुन्या काळाची गोष्ट सांगताना नुसतं गोड गोड सांगून चालत नाही.

ती माणसं राहत कुठे होती

इतकी थडगी आहेत तर गाव कुठे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. अभ्यासकांनाही पुष्कळ वर्षं पडला होता. उत्तर मिळालं ते टाकळघाट-खाप्याला आणि नंतर नायकुंड, भागीमोहारी या गावांना. टाकळघाटला वस्ती आणि खाप्याला रिंगणं, अशी जोडी सापडली.

नायकुंड पारशिवनी तालुक्यात, पेंच नदीच्या काठी. तिथं वस्तीच्या जागेत लोखंड गाळायची एक लहानशी भट्टी मिळाली. साधारण 2700 वर्षांपूर्वीची. मातीच्या वळणदार विटा, भात्याचा वारा आत सोडायच्या मातीच्या नळ्या आणि बाजूला पडलेली लोखंडाची मळी. म्हणजे थडग्यातल्या त्या कुऱ्हाडी बाहेरून विकत आणलेल्याच होत्या असं नाही. दगडातून लोखंड काढायची विद्या इथल्या लोकांच्या हातात होती.

वस्तीच्या मातीतून जळके दाणेही मिळाले. ते शोधायची रीत सोपी आहे. माती पाण्यात टाकायची आणि ढवळायची. जड माती खाली बसते, हलके जळके दाणे वर तरंगतात. तांदूळ धुताना पोचट दाणा वर येतो ना, तसंच. त्या दाण्यांवरून कळलं की हे लोक गहू, जव, तांदूळ पिकवत होते. मसूर आणि वाटाणा खात होते. आणि बोरं खात होते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीजवळ बोराची आठळी पडलेली आहे, हे वाचलं तेव्हा आम्ही सगळ्या हसलो. त्यांच्या पोरांच्या खिशातही बोरंच असणार, खिसा होता की नाही कोण जाणे.

माहुरझरी तर मण्यांचं गाव. तिथल्या मातीत अकिकाचे मणी मिळतात. घडलेले, अर्धवट घडलेले आणि फुटून टाकून दिलेलेही. अकीक भट्टीत तापवला की तांबूस होतो. मग त्याला घासून गुळगुळीत करायचं आणि आरपार बारीक भोक पाडायचं. भोक पाडताना मणी फुटला की सगळी मेहनत वाया. ज्या मैत्रिणी दागिने बनवायचं काम करतात त्यांना ही हळहळ कळेल. रिंगणांच्या काळानंतरही माहुरझरीला मण्यांचा हा धंदा अनेक शतकं चालू राहिला.

मृतांची जागा

या लोकांच्याही आधी महाराष्ट्रात शेती करणारी गावं होती. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 अशी पंधरा वर्षं तिथं उत्खनन केलं. तिथले लोक आपल्या मृतांना घरातच, जमिनीखाली पुरत. मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि आत बाळाला ठेवत. वर शेणामातीची जमीन सारवून त्यावरच पुन्हा संसार. मोठ्या माणसाला पुरताना मात्र घोट्याखालची पावलं तोडलेली दिसतात. मृताने उठून चालत जाऊ नये, जवळच राहावं, म्हणून असं करत असावेत असा एक अंदाज आहे.

ज्या आईने आपल्या बाळाला चुलीपासून चार हातांवर पुरलं असेल, तिचं मन काय म्हणत असेल, हे आपल्याला कुठल्या पुस्तकात वाचावं लागत नाही. आपल्यातल्या कित्येकींनी ते दुःख पाहिलंय.

विदर्भातल्या रिंगणवाल्यांची रीत निराळी होती. त्यांनी मृतांना घराबाहेर काढून माळावर जागा दिली. ती जागा दुरून दिसावी म्हणून दगड मांडले. एकेक गोटा असा की एकट्या माणसाला हलायचा नाही. तो शोधायचा, लोटत किंवा ओढत आणायचा, रांगेत बसवायचा, आत माती टाकायची, वर मुरूम टाकायचा. हे चार माणसांचं काम नाही. एका माणसासाठी सगळं गाव राबल्याशिवाय एक रिंगण उभं राहत नाही. आजही गावात मयत झालं की चूल पेटवत नाहीत, शेजारून भाकरी येते, पुरुष लाकडं आणतात, बाया घर सावरतात. हे बघितलं की ते गोटे एकाएकी ओळखीचे वाटायला लागतात.

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडकडे माडिया लोक आजही आपल्या मृतांच्या आठवणीत दगड उभा करतात. रिंगणवाल्यांची आणि त्यांची वंशावळ एकच, असं म्हणायला पुरावा नाही. पण गेलेल्या माणसासाठी दगड उभा करायची रीत आपल्याच राज्यात अजून जिवंत आहे. ती जिथं जिवंत आहे तिथं त्या दगडाला कुणी धक्का लावत नाही. आपण मात्र आपल्याकडचे दगड धुऱ्याला लावून बसलो.

या सगळ्यात बाई कुठे आहे?

आता आम्हाला पडलेला एक प्रश्न. आम्ही वाचत गेलो तसं सगळीकडे कुऱ्हाडी, खंजीर, लगाम, घोडे. वाचताना असं वाटायला लागलं की तिथं फक्त लढणारे पुरुषच राहत होते. मग बाया कुठे गेल्या?

घाईने उत्तर द्यायचं तर कुणी म्हणेल, जिथं मणी आणि बांगड्या तिथं बाई, जिथं खंजीर तिथं पुरुष. पण हे बरोबर नाही. आपले आजोबा कानात भिकबाळी घालत, हातात कडं घालत. म्हणून ते काही बाई झाले नाहीत. आणि विळा, कोयता, कुऱ्हाड तर आपल्या हातात रोजच असते. पुढे कुणाला आपल्याजवळ कुऱ्हाड सापडली तर ते आपल्याला पुरुष म्हणणार का?

खरं उत्तर वस्तूंत नाही, हाडांत आहे. बाईच्या कमरेचं हाड रुंद असतं, कारण तिला बाळंतपण काढायचं असतं. जाणकार माणूस ते हाड बघून सांगू शकतो की ही बाई होती. दातांवरून वय कळतं. लहानपणी उपासमार झाली असेल किंवा मोठं आजारपण झालं असेल तर दातावर आडव्या रेषा उमटतात आणि त्या कधी जात नाहीत. म्हणजे त्या पोरीच्या ताटात पुरेसं पडत होतं की नाही, हेसुद्धा तीन हजार वर्षांनी कळू शकतं. डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावतीबाई कर्वे यांनी 1940 नंतरच्या काळात गुजरातेतल्या लांघणजला अश्मयुगातल्या सांगाड्यांचा असाच अभ्यास केला होता. त्या काळी बाया उत्खननाच्या जागी क्वचितच दिसत.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या रिंगणांत आधीच हाडं थोडी. त्यात जो कोणी रात्री कुदळ घेऊन हंडा शोधायला येतो, तो हाडांचं काय करतो? बाजूला फेकतो. त्याला लोखंडही नको, मडकंही नको. तो सगळं उपसून, फोडून, विस्कटून जातो. त्या एका रात्रीत, तिथं निजलेली बाई होती की पुरुष, म्हातारी होती की बाळंतीण, पोटभर जेवलेली होती की उपाशी, हे सांगणारा एकमेव पुरावा संपतो. तिचं नाव तर आधीच गेलेलं होतं. ती होती हेसुद्धा मग कुणी सांगू शकत नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, या गोट्यांची राखण हा आपला, बायांचा विषय आहे. इतिहासात बाईची नोंद फार थोडी. जिथं ती मातीत शिल्लक आहे, तिथं तरी ती कुदळीखाली जाऊ नये.

हंड्याची गोष्ट

गुप्तधनाबद्दल सरळच बोलू. शास्त्रशुद्ध उत्खननात काही रिंगणांत सोन्याचे बारीक दागिने मिळाले आहेत, हे खरं. पण सोन्याने भरलेला हंडा कुठेही निघालेला नाही. त्या काळी नाणीच नव्हती, तर मोहरा येणार कुठून? गुप्तधनाच्या नावाखाली भोंदूबाबा येतात, पैसे उकळतात, पूजा मांडतात. कधी लेकराबाळांच्या जिवावर बेतेल अशा गोष्टी करतात. राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. धन काढून देतो म्हणून कुणी अघोरी प्रकार करत असेल तर तो गुन्हा आहे. गावात असा माणूस आला तर गटातल्या सगळ्याजणींनी मिळून पोलीस पाटलाकडे जायचं. एकटीने नाही, सगळ्यांनी.

आणि शेतात नांगरताना, विहीर खणताना खरंच काही मौल्यवान निघालं तर? 1878 चा जुना कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू मिळाली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. लपवली तर गुन्हा होतो.

राखण म्हणजे काय

जुनापाणीची रिंगणं केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केली आहेत. नागपूर जिल्ह्यातल्या आणखीही काही रिंगणांच्या जागा त्या यादीत आहेत. अशा ठिकाणी सूचनेची पाटी असते. 1958 च्या कायद्याप्रमाणे तिथलं काही तोडणं, हलवणं, उकरणं, दगडावर नाव कोरणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 2010 पासून संरक्षित हद्दीबाहेर 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत परवानगी घेऊनच करता येतं.

इथं कुणीतरी म्हणेल, "बाई, मग आम्ही सांगायचंच कशाला? सरकार आमचं वावर घेऊन टाकेल." ही भीती आम्ही खूप जणींच्या तोंडून ऐकली आणि ती अगदीच खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. ज्यांचं घर किंवा प्लॉट त्या 100 मीटरच्या आत येतो त्यांना त्रास होतोच. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. पहिली, नवी जागा संरक्षित करायची असेल तर सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि त्या काळात ज्याचा संबंध आहे तो हरकत घेऊ शकतो. दुसरी, संरक्षित जागेतसुद्धा एक फुटापेक्षा खोल न खणता होणारी शेती त्या कायद्याने थांबत नाही. कायदा वाचून, विचारून घ्यावा. ऐकीव गोष्टीवर रातोरात दगड उचलून टाकू नयेत.

आणि पाटी लागली म्हणजे सगळं झालं असंही नाही. विदर्भात रिंगणं शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकाजवळ चौकीदार बसणं शक्य नाही. पुष्कळ रिंगणं कुठल्याच यादीत नाहीत. रस्त्याला मुरूम लागतो, लेआउट पडतात, घराच्या पायव्याला दगड लागतो आणि एकेक रिंगण नाहीसं होतं. ज्याला ते थडगं आहे हेच ठाऊक नाही, तो ते कसं वाचवणार?

आपल्या गटाला काय करता येईल

आम्ही आमच्या गटापुरतं ठरवलंय ते सांगतो. तुम्हाला पटलं तर तुम्हीही करा.

एक, आपल्या शिवारात अशी रिंगणं आहेत का ते म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवायचं. कुठल्या गटनंबरात, किती, दगड शाबूत आहेत की विस्कटलेले, एवढं वहीत लिहायचं. आपण बचतीचा हिशेब लिहितोच, त्यातलीच दोन पानं.

दोन, ग्रामसभेत हा विषय काढायचा आणि लेखी नोंद करून घ्यायची. अर्जाची एक प्रत तहसीलदारांना आणि एक नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला पाठवायची.

तीन, काही वर आलेलं दिसलं, एखादं खापर, मणी, लोखंडाचा तुकडा, तर उचलून घरी आणायचा नाही. वस्तू कुठे, किती खोल, कशाशेजारी होती यावरच तिची किंमत. घरी आणलेला मणी म्हणजे नुसता मणी. जागेवरचा मणी म्हणजे एका माणसाची गोष्ट.

चार, शाळेतल्या पोरांना एकदा तरी जुनापाणी दाखवायचं. नागपूरला सहल जातेच, अजब बंगलाही बघतातच. 1863 साली सुरू झालेलं ते संग्रहालय. त्याच रस्त्याने थोडं पुढे गेलं की पोरांना कळेल, आपल्या मातीचा इतिहास काचेच्या कपाटापुरता नाही.

आणि पाचवी गोष्ट आमच्यासाठीची. धुऱ्याला लावलेले ते चार गोटे आम्ही परत माळावर नेऊन ठेवणार होतो. पण जाणत्यांनी सांगितलं, आता नका हलवू. कुठला गोटा कुठे होता हे कुणालाच आठवत नाही, अंदाजाने मांडले तर ते खोटं रिंगण होईल. म्हणून ते आहेत तिथंच राहतील. त्यांच्या शेजारी आम्ही उरलेल्या रिंगणाची नोंद केली आणि माळावरचे बाकीचे गोटे कुणी उचलू नयेत असं गावाला सांगितलं. एकदा हललेला दगड जागेवर परत जात नाही, हे आम्ही स्वतः चुकून शिकलो.

सासूबाई सांगायच्या ते एका अर्थी बरोबरच होतं. दिवेलागणीला तिकडे फिरकू नका. भूत आहे म्हणून नाही. तिथं कुणाची तरी माय निजली असेल, कुणाचा बाप. त्यांच्यासाठी गावाने मिळून उचललेले ते दगड आहेत. आपण ते तसेच राहू देऊ.

 तुमच्या शिवारातलं रिंगण कसं आहे, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोपर्यंत, नमस्कार.